चिंचेनं धुतलेला घोडा

दाऊदभाई,

तो घोडा मी धुतला होता. तुम्हाला हे ठाऊक होतं. तुमच्याखेरीज आजवर कुणालाही मी हे सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. नऊ वर्षं झाली. आता कागदावर उतरवलं तर केवढंसं वाक्य दिसतंय. त्या दिवशी हे तोंडातून काढलं असतं तर तुम्ही कतारातच राहिला असतात, आणि तुमच्या गावात तुमच्या नावाला 'सुतार' सोडून दुसरं काही चिकटलं नसतं.

तुम्ही गेल्याचं मला वाण्याच्या दुकानात कळलं. गेल्या गुरुवारी अल मन्सूरामध्ये सामान घ्यायला गेलो होतो. तुमच्या गावचा रफीक तिथे कांदे निवडत होता. अल रुवैसहून मासळीची गाडी आणतो तो. मला बघून म्हणाला, "वसंतभाई, ऐकलात काय? दाऊद सुतार गेला. पंधरा दिवस झाले. रंधा मारता मारता छातीत कळ आली, बसला तो उठलाच नाय." मी "अरेरे" म्हणालो. मग त्यानं कांद्यांची पिशवी बांधली आणि आवाज खाली आणला. "तुम्ही होतात ना त्याच्याबरोबर? ती चोरीची भानगड काय होती हो? गावात म्हणतात, शेखचा सोन्याचा घोडा होता."

मी म्हणालो, "मला नीट माहीत नाही. मी स्टोअरला होतो."

तुमच्या कबरीवरची माती अजून बसली नसेल, तोवर मी पुन्हा तेच केलं. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना मला आरशात बघवेना. म्हणून हे लिहायला बसलो.

सोन्याचा घोडा! तुम्ही ऐकलं असेलच हे गावात, आणि काय केलं असेल तेही मला दिसतं. पेन्सिल कानावर सरकवली असेल आणि लाकडाकडे वळला असाल. तळहाताएवढा तो घोडा. काशाचा, हिरवा पडलेला, कंबर मुंगळ्यासारखी आवळलेली, तोंड नळीसारखं लांब, पाय नुसत्या काड्या. ग्रीस देशातला, सत्तावीसशे वर्षांपूर्वीचा. आपले कतारी मालक, अरबाब, बांधकामाच्या सामानाचे व्यापारी, पण युरोपात गेले की अशी जनावरं घेऊन यायचे. घोडा, बैल, एडका, पाडसाला पाजणारी हरिणी, दोन लांब मानेचे पक्षी. त्यांच्या मजलिसमध्ये, पाहुण्यांना बसवायच्या त्या दालनात, काचेचं कपाट होतं, त्यात ही सहा जनावरं. प्रत्येकासाठी लाकडाची वेगळी बैठक करायचं काम तुमच्याकडे आलं. मी स्टोअरकीपर, आणि इंग्रजी येतं म्हणून दुभाष्या. हिंदीत न भागणारं सगळं माझ्या तोंडून जायचं.

पहिल्यांदा घोडा बघून मी हसलो होतो. "हा घोडा आहे? टोळ आहे टोळ!"

तुम्ही चिडलात. "मेल्या, घोड्याचा काय ठेवायचा नि काय टाकायचा, ते ज्यानं केलान त्याला ठाऊक होता. तू काढून दाखव चार रेघांत." मी खरंच पाकिटावर काढला. तुम्ही बघितलं आणि म्हणालात, "ही शेळी झाली. तीपण आजारी."

बैल मात्र तुम्हाला आवडायचा नाही. जाड मान, बारीक डोळे. "हा बैल नाय, अरबाब आहे," असं हळूच म्हणून तुम्ही इकडेतिकडे बघून घ्यायचात. आणि मी एकदा खवचटपणे विचारलं होतं, "दाऊदभाई, देवळात वाहिलेली जनावरं ही. तुमच्यात मूर्ती चालत नाही ना? मग?" तुम्ही पटाशीची धार अंगठ्यावर बघत म्हणालात, "मी पाट करतो रे. पाटावर कोण बसतो, ते मी बघत नाय."

लंडनहून तो इंग्रज साहेब यायचा, वर्षातून दोनदा, जनावरं तपासायला. त्याच्याकडून मिळेल ते तुम्ही काढून घ्यायचात, माझ्या तोंडून. आधी मेणाचा घोडा करायचा, त्यावर माती लिंपायची, भाजून मेण वितळवायचं, पोकळीत काशाचा रस ओतायचा. "विचार त्याला, मग माती फोडायलाच लागत असेल. दुसरा घोडा कसा काढत?" दुसरा नाही, साहेब म्हणाला, एका साच्यात एकच. तुम्ही खूश झालात. "म्हणजे चुकला तर चुकला. रंधा मारून सुधारायची सोय नाय." नवस म्हणून लोक ही जनावरं देवळात आणून ठेवत. फार झाली की पुजारी ती देवळाच्याच आवारात खड्डा करून पुरत. देवाला दिलेलं बाहेर टाकता येत नाही म्हणून. हे ऐकून तुम्ही हातातली पटाशी खाली ठेवलीत. मग विचारलंत, "ज्याच्याकडे खरा घोडा नव्हता, तोपण देत असेल काय?" साहेबानं तो प्रश्न वहीत लिहून घेतला. त्या काळात तुमचं एक अक्षरही मी गाळत नसे, दाऊदभाई. तुमचा प्रश्न इंग्रजीत नीट बसेपर्यंत मी दोन-दोनदा सांगायचो. ते आठवलं की जास्त त्रास होतो.

मी कऱ्हाडकडचा, तुम्ही रत्नागिरीकडचे. इथे आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मला कावीळ झाली. खोलीतल्या बाकीच्यांनी आपापल्या गाद्या लांब ओढल्या. तुम्ही स्टोव्हवर तांदळाची पेज करून आणायचात आणि मी नको म्हटलं की म्हणायचात, "गिळ. घरी तुझं तोंड बघायला बसलेत." माझी भाषा ऐकून हसायचात, तुमची ऐकून मी हसायचो. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि बायको कऱ्हाडला होती. अरबाबनी तिच्या व्हिसासाठी कागद द्यायचं कबूल केलं होतं, "इन्शाल्ला, इन्शाल्ला" करत. अल हिलालमध्ये दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. तिथल्या स्वयंपाकघरासाठी तुम्ही उरलेल्या सागवानाची मांडणी करत होता, माझ्या नकळत. मला कळलं तेव्हा म्हणालात, "तुझ्यासाठी नाय रे. सूनबाईंसाठी."

आता तो शुक्रवार.

साहेब शनिवारी येणार होता म्हणून सुट्टी असूनही तुम्ही वर्कशॉपमध्ये होतात. एका वेळी एकच जनावर बाहेर काढायचं, असा अरबाबचा नियम. त्या दिवशी घोडा तुमच्या टेबलावर होता, फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेला. बैठकीच्या लाकडात त्याच्या पायाखालच्या पट्टीएवढाच खळगा तुम्ही कोरत होता, खिळा नाही, गोंद नाही. त्या आठवड्यात मजलिसचा एसी बंद पडला होता आणि हवा अशी दमट, की भिंतींना घाम फुटलेला. घोड्याच्या मानेवर पोपटी रंगाची भुकटी आली होती. आपण दोघांनी ती बघितली.

मी म्हणालो, "कळकलाय हा. काशा-पितळेवर असं हिरवं आलं की आमची आई भांडं वापरू देत नाही. चिंच लावून घासायला पाहिजे."

"हात नको लावू. साहेब उद्या येतोय, त्याला दाखवू."

"अहो, दसऱ्याला देव घासतात तसा घासू. लखलखीत होईल."

"वसंता, म्हाताऱ्याला आंघोळ घातली म्हणून तो तरणा होत नाय. ठेव तो."

आपलं भांडण तिथे अर्धवट राहिलं, कारण तुमची जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली. हातपाय धुऊन, टोपी घालून तुम्ही गेलात. जाताना मला सांगून गेलात, "बघ जरा याच्याकडे."

मी मेसमधून चिंच आणली. राख नव्हती, तर दाराबाहेरची बारीक रेती घेतली. आमच्या घरी दसऱ्याच्या आधी आई अंगणात बसून देव घासायची आणि मी पाणी ओतायचो. चिंचेखालून पिवळा रंग वर येताना बघायला मला फार आवडायचं. तसाच मी घोडा घासला. भुकटी गेली, मग हिरवा गेला, मग तपकिरी गेला, आणि मला वाटलं, आता चकाकेल. तो चकाकला नाही. खालून गुलाबीसर, खडबडीत, चट्टेपट्टे पडलेलं काहीतरी निघालं, सोललेल्या गुडघ्यासारखं. मी आणखी जोरात घासलं.

लोक म्हणतील, अडाणीपणानं केलं, चांगल्या हेतूनं केलं. तेही पूर्ण खरं नाही. घोडा लखलखला असता, तर दुसऱ्या दिवशी अरबाबच्या पुढे जाऊन मी सांगणार होतो, हे मी केलं. त्यांच्या ड्रॉवरमध्ये माझ्या बायकोचे कागद सहीवाचून पडले होते, आणि मला त्यांच्या डोळ्यांत यायचं होतं. "मी केलं" हे वाक्य माझ्याकडे तयार होतं, दाऊदभाई. चांगलं झालं असतं तर ते मी तीन भाषांत म्हटलं असतं.

तुम्ही परत आलात, फ्लॅनेल उचललंत आणि टेबलाला हात टेकून उभे राहिलात. ओरडला नाहीत. "काय केलास हा?" एवढंच, अगदी हळू. मग घोडा उचलून खिडकीपाशी नेलात आणि त्याच्या पाठीवरून बोट फिरवलंत. "उद्या साहेबाला सांग," म्हणालात. "आधी तूच सांग. विचारायच्या आत." मी मान हलवली. मी खरंच सांगणार होतो. म्हणजे त्या संध्याकाळपर्यंत तरी.

साहेबानं फ्लॅनेल उघडलं तेव्हा मजलिसमध्ये आपण चौघंच होतो. साहेब, अरबाब, तुम्ही आणि मी. साहेबानं घोडा उलटा केला. घोड्याच्या पायाखालच्या पट्टीला तिकोनी भोकं होती, त्यातल्या एकात चिंचेचा चोथा अडकलेला. तो त्यानं काडीनं काढला आणि हुंगला. मग म्हणाला, हा हिरवा थर म्हणजेच हा घोडा होता. त्याचं वय त्या थरात होतं. मी हे तुम्हाला मराठीत सांगितलं, शब्दन् शब्द. माझा आवाजही हलला नाही.

मग त्यानं विचारलं, हा कुणाच्या ताब्यात होता?

मी तुमच्याकडे वळून विचारलं, "दाऊदभाई, साहेब विचारतो, घोडा कुणाकडे होता?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. साहेबाकडे नाही, अरबाबकडे नाही. आणि म्हणालात, "माझ्या टेबलावर होता. पण मी धुतला नाय. ज्यानं धुतलान त्यानं सांगायचा, मी कोणाचा नाव घेणार नाय."

मी साहेबाकडे वळलो आणि इंग्रजीत म्हणालो, "तो म्हणतो, घोडा त्याच्या टेबलावर होता."

साहेबानं विचारलं, "एनिथिंग एल्स?"

मी म्हणालो, "नो सर."

अरबाबनी हात झटकला. "खलास."

मी कुणाला फसवण्यासाठी खोटं बोललो असतो, तर निदान खोटं बोललो असं म्हणता आलं असतं. मी बोललो तेवढं खरंच होतं. मी फक्त थांबलो. कागदांवर सही व्हायची होती, आणि मी थांबलो.

चार दिवसांत तुमचं परतीचं तिकीट आलं. मी खोलीवर आलो तेव्हा तुम्ही हत्यारं गोणपाटात गुंडाळत होता. तुम्ही वर न बघता विचारलंत, "एवढा बोललो मी नि तू एवढासाच सांगितलास?"

मी म्हणालो, "इंग्रजीत थोडक्यातच बोलतात."

"हां," तुम्ही म्हणालात. "शाणी भाषा आहे." आणि गाठ मारलीत.

तुम्ही मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी हात पुढे केला, तर तुम्ही माझ्या हातात मांडणीचे राहिलेले स्क्रू दिलेत. "खालच्या फळीला दोन मारायचे राहिलेत. तिरके मारू नको."

तुम्ही गेल्यावर महिन्याभरात सही झाली. सुमन, माझी बायको, आली. स्वयंपाकघरात मांडणी बघून तिनं विचारलं, "किती सुरेख केलीय! कुणी केली?" मी म्हणालो, "एक सुतार होता आमच्याकडे." "होता म्हणजे?" "गेला परत." तिनं मांडणीवर डबे लावले. नऊ वर्षं रोज सकाळी चहा-साखरेचे डबे मी त्या फळीवरून काढतो. आमची मुलगी इथेच झाली. तिला मराठी कळतं, बोलते इंग्रजीत. थोडक्यात बोलते.

आता मला तुमच्याशी भांडायचं आहे, कारण तुम्ही मला भांडू दिलंच नाही. अरबाबना हिंदी येत होतं, दाऊदभाई. बाजारापुरतं का होईना, येत होतं. तुम्ही रोज त्यांच्याशी फळ्या-खिळ्यांबद्दल हिंदीतच बोलायचात. त्या दिवशी "वसंत ने किया" एवढं तुम्ही म्हणू शकला असतात. तुम्ही मराठीत बोललात. त्या खोलीत माझ्याशिवाय कुणालाही न कळणाऱ्या भाषेत. तुम्ही माझ्यासाठी दार उघडं ठेवलंत आणि बाजूला उभे राहिलात, मी आपल्या पायांनी आत येतो का बघत. मला याचा राग आहे. तुम्ही घरी बायको, मुलगा असलेले गृहस्थ, हप्त्यावर घर बांधायला घेतलेलं, आणि माझ्यासारख्या माणसाची परीक्षा बघायला गेलात! कशाला? पेज पाजली होती म्हणून माझ्याबद्दल काही वाटत होतं का? तुमचा अंदाज चुकला. लाकडात तुमचा अंदाज कधी चुकला नाही, माणसात चुकला, आणि त्याची भरपाई तुम्हीच केलीत.

त्या गुरुवारी रफीककडून मग हळूहळू कळलं. तुम्ही काढून पाठवलेला माणूस म्हणून तुमच्या मुलाला कुणी एजंट आखातात पाठवायला तयार होईना. तुम्ही होड्यांची कामं घेतलीत, दारं केलीत. गावात कुणी विचारलं तर म्हणायचात, "माझ्या टेबलावरची वस्तू बिघडली." तेवढंच. माझं नाव तिथेही घेतलं नाहीत. मी तुम्हाला एक पत्रही लिहिलं नाही. दोनदा सुट्टीत कऱ्हाडला गेलो, रत्नागिरी तिथून लांब नाही. घाट उतरलो नाही.

घोडा माझ्याकडे आहे. तुम्हाला वाटलं असेल विकला, फेकला. साहेब म्हणाला होता, आता हा कपाटात ठेवण्याजोगा नाही, आणि अरबाबनी तो स्टोअरमध्ये पाठवला. स्टोअरकीपर मीच. तुमच्या बैठकीवरच उभा आहे, खळग्यात घट्ट बसलाय, इतकी वर्षं हलला नाही. दरवर्षी हवा दमट झाली की मानेवर पोपटी भुकटी येते, पूर्वीपेक्षा जास्त. साहेबानं सांगितलं होतं, वरचा थर गेल्यावर ही भुकटी आतून खात जाते. एक कान गेला. मी ब्रशने झटकतो. चिंच लावायची हिंमत कुठून येणार?

हे मी इथल्या मराठी मंडळाच्या अंकाला देणार आहे, माझ्या नावासकट. सुमन वाचेल. रफीकला कुणीतरी वाचून दाखवेल. त्यापुढे काय होईल ते होईल. पण मी स्वतःला फार शाबासकी देत नाही, कारण हे लिहिणं सोपं होतं. तुम्ही समोर नाही, आणि माझ्याकडे बघत नाही. आणि हा अंक कोकणात तुमच्या गावापर्यंत जात नाही, अरबाबना मराठी वाचता येत नाही. म्हणजे ज्यांना कळायला हवं, त्यांना कळणारच नाही, आणि पुन्हा मी थोडक्यातच भागवलं असं होईल.

म्हणून स्पष्ट लिहून ठेवतो. तुमच्या मुलासमोर बसून, घोडा मी धुतला आणि तुझ्या वडिलांचं बोलणं मी पुढे जाऊ दिलं नाही, हे मी अजून सांगितलेलं नाही. अरबाबनाही सांगितलेलं नाही. दोन्ही ठिकाणी मला जायचं आहे.